अंडाशयातील गाठींचा धसका
मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या भातशेतीच्या मुलखात एखाद्या मुलीची पाळी दोन-दोन महिने लांबली, की वडीलधारी मंडळी ती गोष्ट रोवणीच्या दगदगीच्या नावे खर्ची घालतात. आणि तीच मुलगी भंडाऱ्यास सोनोग्राफी करून आली, की अहवालातील गाठींचा उल्लेख वाचून साऱ्या घराचे अवसान गळते. माझ्या मते दोन्ही गोष्टी अनाठायी होत. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथाल या डॉक्टरांनी वर्णिलेल्या, आज पीसीओएस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विकारात दिसतात त्या गाठी नसून वाढ अर्ध्यावर खुंटलेली बीजपुटके असतात. मूळ बिघाड संप्रेरकांच्या कारभारात, आणि पुष्कळदा शरीर इन्सुलिनला पुरेसे न जुमानण्यात असतो.

२००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य (हनुवटीवरील राठ केस हे त्याचे दृश्य लक्षण) आणि सोनोग्राफीतील चित्र, या तिहींपैकी दोन गोष्टी आढळल्या, व थायरॉइड, प्रोलॅक्टिन यांचे दोष रक्ततपासणीने वगळले, तरच निदान शाबीत होते. कसोटीचा प्रताप असा, की परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुंबईच्या किशोरी व तरुणींमध्ये हे प्रमाण रॉटरडॅम निकषांनी २२.५ टक्के, तर दुसऱ्या, कडक निकषांनी १०.७ टक्केच भरले! किशोरवयात तर निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असे २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते, कारण त्या वयात निरोगी अंडाशयही तसेच दिसू शकतात. निदान झालेल्या स्त्रीने मात्र ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करावयाची रक्तशर्करेची तपासणी टाळू नये.