आजोबांच्या पेटीतला चाकू

दिवाळीच्या सुटीनंतर सातवीतला एक मुलगा कागदात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन माझ्याकडे आला. त्याचे पणजोबा निजामाच्या काळात बिलोली तालुक्यातल्या एका गावी पटवारी होते. त्यांच्या लाकडी पेटीत दौत, दोन बोरू आणि काळा पडलेला एक मिटता चाकू सापडला होता. “सर, हा किती जुना असेल?” त्याने विचारले.

“आधी स्वच्छ करू, मग पाहू,” मी म्हणालो आणि पॉलिश पेपर घेऊन पाते घासले. पाते चकाकले, मुलगाही खूष झाला. पण पात्याच्या बुंध्याशी काही बारीक अक्षरे होती, तीही घासली गेली. एका चांदणीची दोन टोके आणि शेजारी फुलीसारखी पुसट खूण, एवढेच शिल्लक राहिले. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर जिथे लिहिलेले होते, नेमकी तीच जागा मी पुसून टाकली होती. अशी चूक आणखी कोणाकडून होऊ नये, म्हणून हा लेख.

असा चाकू पेटीत आला कसा?

आज चाकू म्हटला की आपल्याला भाजी आठवते. पूर्वी लिहिणाऱ्या माणसाला चाकू लागेच. मोडी लिहिणारा कारकून असो की उर्दू लिहिणारा मुन्शी, बोरूचे टोक बोथट झाले की ते तासावे लागे. त्यासाठीच्या चाकूला ‘कलमतराश’ म्हणत. युरोपात पिसाची लेखणी तासायला असाच लहान चाकू वापरत. इंग्रजीत खिशातल्या छोट्या चाकूला आजही ‘पेन-नाइफ’ म्हणतात, ते याच कारणाने. हैदराबाद संस्थानात सरकारी कामकाजाची भाषा उर्दू होती, तर गावच्या दप्तरात मोडी मराठीही चाले. दोन्ही लिप्यांना बोरू लागत असे आणि बोरूला चाकू.

इंग्लंडमध्ये असे चाकू मुख्यतः शेफील्ड या गावी होत. तेथे वेगाने वाहणारे ओढे होते, त्यांच्यावर पाणचक्क्या चालत. साणेसाठी लागणारा वालुकाश्मही जवळच मिळे. चाकू-कात्र्या करणाऱ्या कारागिरांचा संघ तेथे १६२४ साली कायद्याने स्थापन झाला. कारागिरांना स्वतःची खूण देणे आणि तिची नोंद ठेवणे हे या संघाचे एक महत्त्वाचे काम होते. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत पोलाद पूर्ण वितळवण्याची पद्धत बसवली. त्यामुळे सगळीकडे एकसारखे पोलाद मिळू लागले आणि शेफील्डचे नाव जगभर झाले. या नावाची किंमतही मोठी होती. साणेवर बसणाऱ्या कामगारांच्या छातीत दगडाची व धातूची धूळ जाई आणि त्यातले अनेक जण तरुणपणीच फुप्फुसाच्या विकाराने मरत.

पहिली पायरी : शिक्का वाचा

चाकू उघडा. पाते मुठीत शिरते तिथे, धार नसलेल्या बुंध्यावर, शिक्का असतो. चांदणी आणि तिच्या शेजारी माल्टाचा क्रूस ही खूण जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कंपनीची. हिंदुस्थान ही तिची मोठी बाजारपेठ होती. ‘आय एक्स एल’ ही अक्षरे जॉर्ज वॉस्टनहोम कंपनीची. ती इंग्रजीत वाचली की ‘मी सरस आहे’ असा अर्थ निघतो.

रॉजर्सच्या पात्यावर पुष्कळदा मुकुट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना राजा-राणीची आद्याक्षरे दिसतात. ‘व्ही’ आणि ‘आर’ असेल तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, म्हणजे १८३७ ते १९०१. ‘ई’ आणि ‘आर’ म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. ‘जी’ आणि ‘आर’ आढळले तर मात्र थांबा. जॉर्ज नावाचे राजे १८३० पूर्वीही होते आणि १९१० नंतरही. अशा वेळी दुसरा पुरावा हवा. तो ‘इंग्लंड’ या शब्दात मिळू शकतो. आयात मालावर मूळ देशाचे नाव हवे असा नियम अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्यात केला, आणि त्यानंतर चाकूंवर देशाचे नाव घालण्याची पद्धत वाढली. म्हणून ‘इंग्लंड’ असा शब्द असलेला चाकू बहुधा १८९० नंतरचा समजावा. तो शब्द नसला म्हणून मात्र चाकू त्याआधीचा ठरत नाही.

प्रसिद्ध खुणांच्या नकलाही पुष्कळ झाल्या. नावातले एखादे अक्षर बदललेले, चांदणीच्या जागी फूल, असे प्रकार आढळतात. म्हणून शिक्का हा एक पुरावा आहे, निकाल नव्हे.

दुसरी पायरी : पोलाद ओळखा

‘लोहचुंबक चिकटला तर लोखंड, नाही तर स्टेनलेस’ असे मुले सांगतात. चाकूच्या बाबतीत हे चुकीचे आहे. धार धरणारे स्टेनलेस पोलादही लोहचुंबकाला चिकटते. न चिकटणारे स्टेनलेस पोलाद वेगळ्या घडणीचे असते व त्यात सहसा निकेल घातलेले असते. साधे कार्बनयुक्त पोलाद ओळखू येते ते त्याच्या काळपट थरावरून. कैरी किंवा आवळा चिरला की जुना चाकू काळा पडतो, हे घरोघरी माहीत आहे. फळातले आम्ल लोह विरघळवते आणि टॅनिनशी त्याचा संयोग होऊन काळा पदार्थ तयार होतो. हिरडा आणि लोह यांपासून शाई करत, ती याच रासायनिक क्रियेने.

स्टेनलेस पोलादात क्रोमियम असते. त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर बसतो आणि गंज रोखतो. शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली सुमारे १३ टक्के क्रोमियमचे असे पोलाद तयार केले. म्हणून पात्यावर ‘स्टेनलेस’ शब्द असेल तर तो चाकू १९१३ पूर्वीचा असूच शकत नाही.

तिसरी पायरी : मूठ पाहा

मुठीच्या दोन पट्ट्या आतल्या पितळी किंवा लोखंडी पत्र्यावर रिपिटांनी बसवलेल्या असतात. भिंग घ्या. बारीक काळे ठिपके किंवा रेघोट्या दिसल्या तर हाड. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत. खडबडीत, तपकिरी, खाचांची मूठ बहुधा सांबरशिंगाची. ही शिंगे हिंदुस्थानातूनच शेफील्डला जात आणि चाकू होऊन परत येत. म्हशीचे शिंग उजेडासमोर धरल्यास कडेला किंचित पारदर्शक दिसते. अंगठ्याने जोरात चोळल्यावर कापरासारखा वास आला तर ते सेल्युलॉइड. तापलेली सुई टोचून परीक्षा घेण्याचा प्रकार कधीही करू नये, कारण सेल्युलॉइड भडकन पेटते.

आणखी एक सूचना. हस्तिदंत आणि सांबरशिंग यांचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतो. अशा वस्तू विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये. आपला संग्रह नोंदींचा असावा, खरेदीचा नव्हे.

शेजारचे पोलाद

बिलोलीहून मांजरा ओलांडली की निजामाबाद जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील कोनासमुद्रम हे गाव एके काळी मुशीतल्या पोलादासाठी प्रसिद्ध होते. ते विकत घ्यायला इराणमधील इस्फहानचे व्यापारी येत. हेन्री व्हॉयसी या भूशास्त्रज्ञाने तेथील कृतीचे वर्णन लिहून ठेवले आणि ते १८३२ साली प्रसिद्ध झाले. या पोलादाला युरोपात ‘वुट्झ’ म्हणत. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने १७९४ साली मुंबईहून लंडनला पाठवले. पुढे जेम्स स्टोडार्ट या शस्त्रे करणाऱ्या कारागिराने आणि मायकेल फॅराडे यांनी वुट्झचे रहस्य शोधताना पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. ते १८२० साली प्रसिद्ध झाले. वुट्झचे गुण अ‍ॅल्युमिनियममुळे येतात असा फॅराडेंचा समज झाला होता. खरे कारण होते त्यातला भरपूर कार्बन आणि तो थंड होण्याची रीत.

हे वाचून ‘मग आमच्या पेटीतला चाकू इथल्याच पोलादाचा!’ असे मुले म्हणतील. तसे म्हणता येत नाही. शेफील्डचे कारखानदार चांगल्या पोलादासाठी प्रामुख्याने स्वीडनचे लोखंड वापरत. अभिमान वाटणे वेगळे आणि पुरावा असणे वेगळे, हा फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

वर्गात काय करावे?

मुलांना चाकू शाळेत आणायला सांगू नये. घरी मोठ्या माणसांसमोर पाहून नोंद आणायला सांगावी : मिटलेली लांबी, पात्यांची संख्या, शिक्का, मूठ, चाकू कोणाचा व कशासाठी वापरला जाई. शिक्का पुसट असेल तर बाजूने तिरपा उजेड पाडून वाचावा, किंवा त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच फिरवावी. टॅनिनचा प्रयोग करायचा तर हिरड्याच्या काढ्यात लोखंडी खिळा आणि स्टीलचा चमचा ठेवून करावा. जुन्या चाकूवर नव्हे.

चाकू घासू नये. लाल, सुटणारा गंज मऊ फडक्याने आणि शिलाई मशीनच्या तेलाने हलकेच काढावा. काळा, घट्ट थर तसाच ठेवावा. खोबरेल किंवा गोडेतेल लावू नये, ते पुढे चिकट होते. चामड्याच्या पिशवीत ठेवू नये, कारण कमावलेल्या चामड्यातही टॅनिन आणि आम्ले असतात.

खोडलेले आकडे आम्ल लावून पुन्हा वाचता येतात, असे मी न्यायवैद्यक विज्ञानाच्या पुस्तकात वाचले होते. शिक्क्याच्या दाबाने खालच्या धातूची रचना बदललेली असते, म्हणून ते शक्य होते. काही दिवस मला त्याची आशा होती. पण शेफील्डला पात्यावर शिक्का मारत ते पाते तापलेले असताना, आणि नंतर त्याला पाणी देत. या उष्णतेत दाबाची खूण टिकत नाही.

त्या मुलाच्या वहीत आम्ही शेवटी अशी नोंद केली : ‘खूण – चांदणी व क्रूस, बहुधा रॉजर्स, शेफील्ड, किंवा त्याची नक्कल. पाते – कार्बनयुक्त पोलाद. मूठ – म्हशीचे शिंग. वापर – बोरू तासणे. काळ – सांगता येत नाही.’ ‘कारण’ या रकान्यापाशी तो थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, “लिही. शिक्का सरांनी घासला.”