मिडवेची जहाजं कोणी बुडवली? दावा, पुरावा आणि श्रेय

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो: काम ज्याने केलं तोच सांगतोय, मग वेगळा पुरावा कशाला? याचं उत्तर मला प्रयोगशाळेपेक्षा एका लढाईत जास्त स्पष्ट दिसतं.

4 जून 1942. प्रशांत महासागरात मिडवे बेटाजवळ जपानच्या चार विमानवाहू नौका होत्या: अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू. सकाळी साडेदहाच्या आत, अवघ्या काही मिनिटांत, पहिल्या तीन पेटल्या. हिर्यूची पाळी संध्याकाळी आली. युद्धाचं पारडं इथे फिरलं. पण हे केलं कोणी?

पहिला दावेदार

सुरुवातीला वर्तमानपत्रांनी मोठं श्रेय दिलं ते अमेरिकी भूदलाच्या बी-17 विमानांना. ही चार इंजिनांची मोठी विमानं मिडवे बेटावरून उडाली होती. त्यांचे वैमानिक हवाईला आधी पोचले आणि पत्रकारांशी बोलले. नौदलाचे वैमानिक तेव्हा अजून समुद्रावरच होते. प्रत्यक्षात बी-17 चा एकही बॉम्ब या नौकांवर पडला नव्हता.

मग ते खोटं बोलत होते का? तसं म्हणायची गरज नाही. जरा गणित करू. 20,000 फुटांवरून, म्हणजे सुमारे 6,100 मीटरवरून, बॉम्ब खाली यायला हवेचा रोध सोडला तरी 35 सेकंद लागतात. जहाज ताशी 30 नॉट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे 15 मीटर पळतंय. तेवढ्यात ते 500 मीटरहून जास्त पुढे जातं. अकागीची लांबी साधारण 260 मीटर होती, म्हणजे जहाज आपल्या लांबीच्या दुप्पट सरकलं, शिवाय वळलंही. वरून दिसतात पाण्याचे उंच फवारे आणि त्याआड झाकलेलं जहाज. 'लागला!' असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

आता नौदलाचं डाइव्ह बॉम्बर घ्या. ते जवळजवळ उभा सूर मारून 2,000 फुटांच्या आसपास बॉम्ब सोडतं. बॉम्ब चार-पाच सेकंदांत खाली. जहाज सरकतं फक्त 60-70 मीटर. फरक कळला ना?

मग नौदलात तरी कोणी?

'एंटरप्राइझ' आणि 'यॉर्कटाउन' या दोन नौकांवरची डाइव्ह बॉम्बर वेगवेगळ्या दिशांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, जवळजवळ एकाच वेळी पोचली. कोणत्या तुकडीने कोणतं जहाज मारलं यावर पुढे अनेक वर्षं वाद चालला. नुसत्या अमेरिकी वैमानिकांच्या आठवणींवर तो सुटण्यासारखा नव्हता. जपानी बाजूच्या नोंदी आणि वाचलेल्या खलाशांच्या हकिकती जुळवल्यावर चित्र स्पष्ट झालं. एंटरप्राइझच्या बहुतेक विमानांनी कागा गाठली. डिक बेस्ट आणि त्याच्या दोन साथीदारांनी अकागीवर सूर मारला आणि तिला एकच बॉम्ब थेट लागला. सोर्यू यॉर्कटाउनच्या तुकडीने मारली.

पण 'समोरच्या बाजूचा साक्षीदार' म्हणजे आपोआप खरा, असंही नाही. पर्ल हार्बरच्या हल्ल्याचं नेतृत्व केलेला मित्सुओ फुचिदा त्या दिवशी अकागीवर होता. त्याने पुढे लिहिलं की जपानी हल्ला निघायला फक्त पाच मिनिटं उरली होती. ही गोष्ट कित्येक दशकं पुस्तकांत फिरत राहिली. 2005 मध्ये जोनाथन पार्शल आणि अँथनी टली यांनी जपानी नौकांच्या विमान-उड्डाणांच्या नोंदी तपासून दाखवलं की हल्ल्याची विमानं अजून खालच्या हँगरमध्येच होती. नंतर लिहिलेली आठवण आणि त्या वेळची कोरडी नोंद यांत टक्कर झाली, तर आधी नोंद बघा.

श्रेय एकच असतं का?

अकागी शेवटी बुडाली ती जपानी विनाशिकांच्याच टॉर्पेडोंनी. वाचवणं अशक्य झाल्यावर त्यांनीच तिला बुडवलं. मग बुडवलं कोणी? डाइव्ह बॉम्बरच्या आधी अमेरिकी टॉर्पेडो विमानांनीही हल्ले केले होते. तीन नौकांवरून अशी 41 विमानं गेली, बहुतेक परतलीच नाहीत आणि एकही टॉर्पेडो लागला नाही. पण त्या हल्ल्यांमुळे जपानी नौकांना सतत वळावं लागलं, रक्षक विमानं चढवत-उतरवत राहावं लागलं, आणि स्वतःचा हल्ला सजवायला उसंत मिळाली नाही. निकालाच्या रकान्यात शून्य, तरी योगदान शून्य नाही.

संशोधनात हेच रोज घडतं. चार महिने फसलेले प्रयोग करून चुकीच्या वाटा बंद करणारी विद्यार्थिनी आणि पाचव्या महिन्यात आलेख काढणारा सहकारी, यांत श्रेय कोणाचं? म्हणूनच अनेक नियतकालिकं आता कोणी काय केलं ते वेगळं लिहायला सांगतात. त्यासाठी 'क्रेडिट' नावाची 14 भूमिकांची वर्गवारी वापरली जाते: कल्पना, प्रयोग, विश्लेषण, लेखन वगैरे.

तेव्हा कामाला लागण्याआधी तीन सवयी लावून घ्या. वहीत त्याच दिवशी, तारखेसह लिहा, फसलेलंही लिहा. निकाल दिसला की विचारा, माझ्या जागेवरून हे खरंच दिसू शकतं का? आणि लेखकांची नावं कोणत्या क्रमाने जाणार, ते पहिला मसुदा लिहिण्याआधीच बोलून घ्या. नंतर बोलायला गेलं की प्रत्येकाला आपलाच बॉम्ब लागलेला आठवतो.