वावधन दहा मिनिटांचे, अंधार रात्रभराचा

ऑक्टोबर उजाडला की यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव तालुक्यात सगळी कामे एकदम अंगावर येतात. सोयाबीन कापून वावरात ढीग लागलेले असतात, कापसाची बोंडे फुटू लागलेली असतात आणि मळणीयंत्राचा नंबर काही लागत नसतो. अशाच एखाद्या दुपारी, चटके देणाऱ्या उन्हानंतर, एका अंगाने आभाळ काळवंडते आणि धुळीचा लोट उठतो. ढिगावरची ताडपत्री धरावी की घरावरची टिने सांभाळावीत, हे ठरायच्या आत लाइन गेलेली असते. हे वावधन, म्हणजे वादळी वारा, दहा-पंधरा मिनिटांत ओसरते. लाइन मात्र कधी कधी दुसऱ्या दिवशी येते.

हा वारा येतो कुठून? नैर्ऋत्य मान्सून विदर्भातून साधारण ऑक्टोबरच्या पूर्वार्धात माघारी फिरतो. तेव्हा जमिनीत ओल असते आणि वर कडक ऊन. दमट, तापलेली हवा वेगाने वर चढते आणि दुपारनंतर उंचच उंच गडगडाटी ढग उभे राहतात. ढगातून पाऊस पडताना त्यातले काही पाणी वाटेतच वाफ होते, त्यामुळे भोवतीची हवा गार होऊन जड होते आणि खाली कोसळते. जमिनीवर आदळली की ती चहूकडे पसरते. वाऱ्याचा वेग एकाएकी वाढून ताशी 40 किलोमीटरच्या पुढे गेला आणि किमान मिनिटभर टिकला, की हवामान खाते त्याला चंडवात म्हणते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब मात्र चौपट होतो.

बंगालच्या उपसागरातले वादळ निदान आधी वर्दी देते. सप्टेंबर 2021 मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आले आणि त्याचे उरलेसुरले ढग विदर्भ-मराठवाड्यावरून गेले. त्याच पावसात यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यात दहागावच्या पुलावरून एसटी बस वाहून गेली. ते संकट नकाशावर दिवस-दोन दिवस आधीपासून दिसत होते. वावधनाचा ढग तासाभरात जन्मतो आणि विरतो. तो नेमका कोणत्या गावावर फुटणार, हे आदल्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही.

उन्हाळी वादळापेक्षा हे वादळ तारांना जास्त जड जाते, ते झाडांमुळे आणि मातीमुळे. मार्च-एप्रिलमध्ये साग, पळस उघडे असतात, वारा फांद्यांतून निघून जातो. ऑक्टोबरात तेच झाड भर पानांत असते आणि वाऱ्यापुढे शिडासारखे फुगते. त्यात इथली काळी माती. चार महिने पाणी पिऊन ती मऊ झालेली असते. झाडाची मुळे सुटतात, तसे विजेचे खांबही कलतात.

तारेवर फांदी पडली की उपकेंद्रातला ब्रेकर उडतो आणि त्या 11 हजार व्होल्टच्या फीडरवरची सगळी गावे एकदम अंधारात जातात. फांदी नुसती घासून गेली असेल, तर पुन्हा चालू केल्यावर लाइन टिकते. नाही टिकली की खरे काम सुरू होते. ही वाहिनी वावरांतून, नाल्यांवरून मैलोन्‌मैल जाते. लाइनमनला बॅटरी घेऊन चिखलातून खांबामागून खांब पाहत जावे लागते. मधले स्विच उघडून एकेक तुकडा तपासायचा, दोष सापडला की उपकेंद्राकडून लाइन बंद असल्याचे परमिट घ्यायचे, तारा जमिनीला जोडून उरलीसुरली वीज काढून टाकायची आणि मगच वर चढायचे. गावकऱ्यांना ही दिरंगाई वाटते. पण यातली एक पायरी गाळली, तर माणूस जातो. अशा रात्री काठी घेऊन स्वतःच डीपीचा फ्यूज टाकायला जाणे म्हणजे मरणाला बोलावणेच आहे.

घरातल्या माणसांनी दोन गोष्टी कराव्यात. लाइन जाताच मेन स्विच बंद करावा. वादळात न्यूट्रलची तार तुटली, तर 230 व्होल्टच्या घरात 400 च्या आसपास दाब येऊ शकतो, टीव्ही-फ्रिज जळतात ते बहुधा यामुळेच. दुसरे म्हणजे, पडलेली तार मेली आहे असे कधीच समजू नये. ओल्या जमिनीतूनही वीज पसरते. तारेपासून लांब राहून 1912 या क्रमांकावर कळवावे आणि ढोरांनाही तिकडे जाऊ देऊ नये.

या सगळ्यात एक विसंगती खुपते. मारेगावला लागून वणीच्या कोळसा खाणी आहेत आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात 2,920 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र. म्हणजे इथे तुटवडा आहे तो शेवटच्या काही किलोमीटरच्या भक्कमपणाचा. राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणे ग्रामीण भागात जळालेले रोहित्र 48 तासांत बदलायला हवे, नाही तर ग्राहकाला भरपाई मागता येते. पण वादळ-पुरासारख्या आपत्तीत ही मुदत लागू होत नाही. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच नियम दूर होतो.

तारांजवळच्या फांद्या छाटण्याची मोहीम मुख्यतः मान्सूनपूर्व, एप्रिल-मेमध्ये चालते. चार महिन्यांच्या पावसात त्या फांद्या पुन्हा तारेला भिडतात. छाटणीची दुसरी फेरी पोळा झाल्यावर, घटस्थापनेच्या आत व्हायला हवी. आपल्या शिवारातला कललेला खांब आणि तारेला टेकलेली फांदी ग्रामपंचायतीने तेव्हाच लेखी कळवावी आणि अर्जाची पोच घ्यावी.