पडायचं, पण आपटायचं नाही!

रॉकेट सरळ वर सोडलं की ते अंतराळात जाऊन तिथेच तरंगत राहतं, असं वाटतं ना? मग मोबाइलवरचा ‘स्पेसफ्लाइट सिम्युलेटर’ हा गेम खेळून बघाच. यात कुणाला मारायचं नाही की हरवायचं नाही. इंधनाच्या टाक्या, इंजिनं, पॅराशूट असे सुटे भाग मिळतात. हवं तसं रॉकेट जोडा आणि उडवा.

सरळ वर गेलेलं रॉकेट वातावरण ओलांडतं, आकाश काळं होतं, इंधन संपतं आणि मग ते मुकाट्यानं खाली येतं. आणखी एक टाकी जोडली तर आणखी उंच जातं, आणि येतं पुन्हा खालीच! कारण उंचावर गेलं म्हणून गुरुत्वाकर्षण संपत नाही. 400 किलोमीटरवर फिरणाऱ्या अंतराळ स्थानकापाशीसुद्धा ते जमिनीवरच्या जवळजवळ 90 टक्के असतं.

मग युक्ती काय? रॉकेट हळूहळू आडवं करायचं!

ही युक्ती मला फार आवडते, म्हणून जरा नीट सांगतो. हातातून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात साधारण 5 मीटर पडते. आणि पृथ्वी गोल असल्यामुळे तिचा पृष्ठभाग दर 8 किलोमीटरला 5 मीटर खाली वळतो. नकाशावर मुंबईजवळच्या भाईंदर स्टेशनपासून उत्तनच्या किनाऱ्यापर्यंत सरळ रेघ मारा, जवळपास तेवढंच अंतर भरेल. आता समजा, हवेचा अडथळा नाही आणि तुम्ही एका सेकंदात भाईंदरहून उत्तनला पोहोचलात. तेवढ्या वेळात तुम्ही 5 मीटर पडलात, पण जमीनही 5 मीटर खाली गेली! पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. पडणं चालूच आहे, पण जमीन काही लागत नाही. अशा फिरण्याच्या वाटेलाच कक्षा म्हणतात. याच वेगानं निघालात तर चर्चगेट ते विरार हे 60 किलोमीटर आठ सेकंदांत संपतील.

गेमच्या नेहमीच्या पातळीवरची पृथ्वी मात्र रुंदीनं खऱ्या पृथ्वीच्या विसाव्या हिश्शाएवढी आहे. तिथे सेकंदाला पावणेदोन किलोमीटरच्या आसपास वेग पुरतो. खऱ्या रॉकेटचं काम कितीतरी कठीण असतं.

कक्षेत पोहोचलात की नकाशा उघडा. तुमची वाट रेघेनं दाखवलेली दिसेल. पृथ्वीच्या जवळ असताना इंजिन थोडा वेळ पुढच्या दिशेनं चालवा. रेघ फुगते, पण तुम्ही आहात तिथे नाही, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला! चंद्रयान-3नं नेमकं हेच केलं. 14 जुलै 2023 रोजी श्रीहरिकोटाहून निघालेलं यान सुरुवातीला पृथ्वीपासून जवळात जवळ 170 आणि लांबात लांब साधारण 36,500 किलोमीटर अशा लांबट कक्षेत होतं. ते पृथ्वीजवळ आलं की इंजिन थोडं चालवायचं, असं पुनःपुन्हा करत लांबचं टोक सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे नेलं. मग 1 ऑगस्टला चंद्राकडे ढकललं आणि 23 ऑगस्टला त्याचं विक्रम हे लँडर चंद्रावर उतरलं. अजस्र रॉकेट नव्हतं, म्हणून शास्त्रज्ञांनी वेळ आणि गणित वापरलं. मला यात भारी धाडस दिसतं.

गेममध्ये चंद्रावर उतरताना पॅराशूट उघडायचा प्रयत्न करून बघा. काही उपयोग होत नाही! पॅराशूटला अडवायला हवा लागते आणि चंद्रावर ती नाहीच म्हटलं तरी चालेल. म्हणून विक्रमही इंजिनं चालवत, वेग कमी करत उतरलं.

एका बाबतीत हा गेम खऱ्या जगापेक्षा सोपा आहे. त्यात रॉकेटला एका वेळी एकाच गोलाची ओढ लागते, पृथ्वीची नाहीतर चंद्राची. खऱ्या जगात सगळे एकदमच ओढतात. उत्तनच्या कोळीवाड्यात कुणी ओळखीचं असेल तर उधाण कधी येतं ते विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, असंच उत्तर मिळेल. तेव्हा सूर्य आणि चंद्र पृथ्वीशी एका रेषेत येऊन समुद्राला ओढतात. भाईंदरच्या मिठागरांत येणारं खारं पाणीही भरतीचंच.

भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, कारण दिवसभरात चंद्रही पुढे गेलेला असतो. तोसुद्धा सेकंदाला साधारण 1 किलोमीटर वेगानं आडवा पळत पृथ्वीभोवती पडतोच आहे.