हिवाळ्यांत सायकलस्वाराचे पाय

मार्गशीर्ष व पौष हे महिने आले कीं नाशिक जिल्ह्यांत गोदाकांठीं थंडीचा खरा अंमल बसतो. निफाडच्या बाजूस तर कांहीं वर्षीं पहांटेचा पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खालीं उतरतो. अशा वेळीं द्राक्षबागांमधून सायकल मारीत सकाळच्या शाळेस येणाऱ्या मुलामुलींची एक तक्रार ठरलेली असते. अंगांत स्वेटर असतो, पाठीस थोडा घामही येतो, परंतु पाय मात्र लांकडासारखे होतात. असें कां होतें व त्यावर उपाय काय, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

पहिलें कारण वारा होय. हवा अगदीं स्तब्ध असली तरी सायकलस्वार आपल्या वेगानें आपल्यापुरता वारा उत्पन्न करतो. आपल्या शरीराभोंवतीं ऊन हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर उडवून लावतो. सायपल व पॅसेल या दोघां अमेरिकन संशोधकांनीं १९३९ ते १९४१ च्या दक्षिण ध्रुव प्रदेशांतील मोहिमेंत, वाऱ्यांत टांगलेल्या नळकांड्यांतील पाणी गोठण्यास किती वेळ लागतो हें मोजून या विषयाचा पाया घातला. हल्लीं प्रचारांत असलेल्या हिशोबाप्रमाणें, ५ अंशांच्या हवेंत ताशीं २० किलोमीटर वारा लागला तर उघड्या चेहऱ्यास ती थंडी सुमारें १ अंशाइतकी भासते. सायकलीवर पायांचीं बोटें तर सदैव पुढें, वाऱ्याच्या तोंडीं असतात.

दुसरें कारण असें कीं, सायकल चालवितांना श्रम होतात ते मांड्यांस व पोटऱ्यांस. पाऊल पायट्यावर जवळजवळ निश्चल असतें. चालतांना तें प्रत्येक पदीं वांकतें, म्हणून ऊब टिकते. तिसरें कारण शरीराच्या काटकसरींत आहे. अंग गारठूं लागलें कीं हृदयादि मुख्य इंद्रियांची ऊब राखण्याकरितां शरीर हातापायांतील रक्तवाहिन्या आकुंचित करतें. पायांकडे जाणारें ऊन रक्त कमी होतें आणि बोटें बधिर होतात.

यावरून ध्यानांत येईल कीं, पायांची ऊब केवळ मोज्यांच्या जाडीवर अवलंबून नाहीं. ती रक्ताच्या वाहण्यावर व कोंडलेल्या कोरड्या हवेवर अवलंबून आहे. घट्ट बुटांत मोज्यांचे दोन जोड कोंबले तर रक्त अडतें, हवेस जागा उरत नाहीं व पाय अधिकच गारठतात. बूट असा असावा कीं आंत बोटें सहज हलवितां यावीं. मोजे लोंकरीचे असल्यास उत्तम, परंतु ते कोरडे असलेच पाहिजेत. कारण पाणी हवेपेक्षां सुमारें २५ पट अधिक उष्णता वाहून नेतें. कान, छाती व गुडघे झांकावे. धड उबदार राहिलें तर शरीर पायांकडील रक्त आंखडून धरीत नाहीं.

याला पैसे फार लागत नाहींत. वर्तमानपत्राचा कागद मोज्यावरून बोटांभोंवतीं गुंडाळून बूट घातला तर वारा अडतो. मोजे नसल्यास मऊ सुती फडकें पावलास नीट गुंडाळावें. रशियाचे सैनिक पिढ्यान् पिढ्या अशींच फडकीं वापरीत असत. ती चाल तेथील सैन्यानें २०१३ सालीं मोडली. फडक्याचें टोंक मात्र बुटांत खोंचावें, नाहीं तर तें सांखळींत अडकेल. वाटेंत बोटें हलवीत असावें, आणि तीं बधिर वाटूं लागतांच उतरून शंभर दोनशें पावलें चालावें. बधिर पाय पायट्यावरून कधीं निसटेल याचा नेम नाहीं, आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या रस्त्यावर असें निसटणें प्राणावर बेतूं शकतें. शाळेस पांच मिनिटें उशीर झालेला परवडला.

आतां आईबापांस एक विनंति. मूल गारठून घरीं आलें कीं त्याचे पाय शेकोटीजवळ नेण्याचा मोह होतो. तसें करूं नये. बधिर कातडीस चटका कळत नाहीं व मूल न ओरडतां भाजतें. शिवाय गारठलेले पाय एकदम तापविले तर बोटें लाल होऊन सुजतात व त्यांस कंड सुटते. ओले मोजे काढून पाय पुसावे, कोरडें कापड गुंडाळावें, किंवा कोमट पाण्यांत ठेवावे. पाण्याची ऊब आपल्या कोंपरानें पारखावी. बोटें पांढरीं पडून बराच वेळ तशींच राहिलीं तर डॉक्टरांस दाखवावें.

थंडी सोसणें हा मुलांच्या शौर्याचा भाग आहे, अशी समजूत कांहीं घरांत आढळते. आम्हांस ती मान्य नाहीं. ज्याचे पाय उबदार आहेत त्याचेंच लक्ष रस्त्यावर आणि पुढें वर्गांत फळ्यावर राहतें. म्हणून रात्रीं दप्तर भरतांना उद्यांचे मोजे कोरडे आहेत कीं नाहींत, एवढें पाहून ठेवण्याची संवय प्रत्येक घरीं लागावी.