संकेतस्थळ बांधण्यापूर्वी

मंडळाचे संकेतस्थळ हवे असे सभेत ठरले की चर्चा लगेच रंग आणि चित्रांकडे वळते. आम्ही सुचवू की सुरुवात कोऱ्या कागदाने करावी. कोण येणार आणि त्याला काय हवे असणार, हे आधी लिहून काढावे. इंदूरला नव्याने बदलून आलेल्या कुटुंबाला गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका हवी असते, ज्येष्ठ सभासदाला वाचनालयाची वेळ, तर परगावी स्थायिक झालेल्या नातवंडांना आजोबांच्या काळातले फोटो.

या गरजांतूनच पाने ठरतात. मुखपृष्ठ, मंडळाविषयी, कार्यक्रम, छायाचित्रे आणि संपर्क एवढी पाच पाने पुरतात. वाचनालय असल्यास सहावे. प्रत्येक पानावर पानांची तीच यादी त्याच क्रमाने द्यावी, म्हणजे वाचणारा चुकत नाही.

प्रत्येक पान ही एचटीएमएलची एक फाइल असते. रंग आणि अक्षरांची मांडणी एकाच सीएसएस फाइलमध्ये ठेवली की एका ठिकाणी केलेला बदल सगळ्या पानांवर दिसतो. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. सूचनापत्राचा नुसता फोटो टाकू नये. त्यातली अक्षरे गूगलच्या शोधात सहसा सापडत नाहीत. मोबाइलचा 4-5 एमबीचा फोटो 200 केबीपर्यंत लहान करून घ्यावा, नाहीतर पान उघडायला वेळ लागतो. सभासदांचे पत्ते आणि फोन क्रमांक मात्र जाहीर करू नयेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मालकी. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, कायमचे विकत मिळत नाही. ते एका वेळी 1 ते 10 वर्षांसाठी नोंदवता येते. ते एखाद्या कार्यकर्त्याच्या नावावर असले, तो गाव सोडून गेला आणि नूतनीकरण राहिले, तर ते नाव दुसरे कोणीही घेऊ शकते. जागेचे भाडे थकले तर अनेक वर्षांचे अहवाल आणि फोटोही जातात. बँकेत संस्थेचे खाते संस्थेच्याच नावाने असते आणि सह्या दोघांच्या असतात. तोच नियम येथे लावावा. नोंदणी मंडळाच्या नावाने, मंडळाच्याच ईमेलवर करावी. पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा. मुदतीची तारीख रजिस्टरमध्ये लिहावी आणि सर्व फाइलींची प्रत दर तीन महिन्यांनी पेनड्राइव्हवर घ्यावी.

कार्यकारिणी बदलते, माणसे बदलतात. मंडळाची नोंद टिकली पाहिजे. आपल्या घरी जुने अहवाल वा फोटो असतील तर ते मागे तारीख आणि नावे लिहून कार्यालयात द्यावेत, ही विनंती.