अण्णांची फोटोची वही

आमच्या वाईच्या घरी माळ्यावर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटं नाहीत, निगेटिव्ह आहेत! कागदाच्या पाकिटांत नीट घालून ठेवलेल्या, प्रत्येक पाकिटावर आकडा. डब्याशेजारी वह्यांचा गठ्ठा. हा सगळा संसार माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा. अण्णा पोस्टात नोकरीला होते. फोटो काढून त्यांनी कधी एक रुपया मिळवला नाही, घालवले मात्र पुष्कळ. (हे आईचं वाक्य बरं का, माझं नाही!)

तुमच्यापैकी कितीजणांनी निगेटिव्ह पाहिली आहे? प्लास्टिकसारखी एक पट्टी, तिच्यात सगळं उलटं. काळे केस पांढरे, पांढरा सदरा काळा. पूर्वी फोटो काढला की आधी ही पट्टी तयार व्हायची आणि तिच्यावरून कागदावर फोटो.

अण्णांचा पहिला कॅमेरा ‘अ‍ॅग्फा क्लिक थ्री’. १९७२ साली, कॉलेजात असताना त्यांनी तो घेतला. त्यात फारशी कळसूत्रं नव्हतीच. ऊन असेल तर खटका सूर्याच्या चित्रावर, ढग असतील तर ढगाच्या चित्रावर. एका रोलमध्ये फोटो मावायचे फक्त १२. काढलेला कसा आला, हे रोल धुऊन होईपर्यंत कळायची सोय नाही.

हे धुणं अण्णा घरीच करायचे, न्हाणीघरात! खिडकीला घोंगडी लावायची आणि पूर्ण अंधारात, नुसत्या हाताच्या अंदाजाने फिल्म डब्यात भरायची. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे अगदी बारीक कण असतात. फोटो काढताना ज्या कणांवर उजेड पडतो, त्यांच्यात बदल होतो. पण तो डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपर नावाच्या द्रावणात फिल्म घातली की त्या कणांची खरीखुरी चांदी होते, आणि इतकी बारीक चांदी काळी दिसते. उरलेले कण ‘हायपो’ विरघळवून टाकतो. म्हणून जिथे उजेड जास्त, तिथे निगेटिव्ह काळी.

मग ती निगेटिव्ह फोटोच्या कागदावर ठेवायची, वर काच दाबायची आणि दिवा काही सेकंद लावायचा. या कागदाला लाल उजेड जवळजवळ ‘दिसतच’ नाही, म्हणून तेव्हा लाल बल्ब चालायचा. कोरा कागद द्रावणात पडला की आधी केस उमटायचे, मग भुवया, मग हळूहळू चेहरा. आत्या सांगते, पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ती घाबरून बाहेर पळाली होती.

पुढे अण्णांनी एका स्टुडिओवाल्याकडून जुना ‘पेंटॅक्स के-१०००’ घेतला. ३६ फोटोंचा रोल, सगळं हाताने ठरवायचं. उजेड आत सोडणारं छिद्र किती उघडायचं, पडदा सेकंदाच्या कितव्या भागापुरता उघडायचा, हे दोन हिशेब जमले तर फोटो जमला. गंमत म्हणजे छिद्राचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान! लख्ख उन्हात, १००च्या फिल्मवर अण्णा १६चं छिद्र आणि सेकंदाचा १२५वा भाग लावत. चुका कळाव्यात म्हणून प्रत्येक फोटोचे आकडे वहीत लिहीत. आकड्यांपुढे एक ओळ फोटोत कोण आहे, याची.

आता माझा पराक्रम ऐका. साल १९९६, मी तिसरीत होते. आमची आजी फोटोला कधी बसायची नाही. कॅमेरा दिसला की पदर ओढून आत जायची. त्या मे महिन्यात मात्र ती ओसरीवर बसली एकदाची! अण्णांनी नवा रोल घातला होता, त्यातला तो तिसरा फोटो. पुढे महिनाभर कॅमेऱ्यात तोच रोल. एके दुपारी घरी कोणी नाही असं बघून मी कॅमेऱ्याचं पाठीमागचं झाकण उघडलं. मला फक्त आजी आत कशी दिसते ते बघायचं होतं.

आत होती नुसती तपकिरी पट्टी. मी झाकण लावलं आणि गप्प बसले. रात्री अण्णांनी फोटोंचा आकडा बघितला तेव्हा तो पुन्हा सुरुवातीला आलेला. झाकण उघडलं की तो तसा येतो, हे मला कुठे ठाऊक? मला रडू कोसळलं. अण्णा रागावले नाहीत, पण जेवताना एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं!

तरी त्यांनी तो रोल साताऱ्याला धुवायला दिला. काढलेली फिल्म एका रिळावर गुंडाळत जाते. म्हणजे शेवटचे फोटो सर्वांत बाहेर आणि सुरुवातीचे सर्वांत आत. बाहेरचे सगळे जळाले होते. आतले पाच वाचले, त्यांत आजी होती. तिच्या खांद्यापासून वरपर्यंत नारिंगी-लाल झळ उठलेली, पण चेहरा स्वच्छ. पुढच्याच वर्षी आजी गेली. तिचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही.

गेल्या वर्षी तो फोटो मी वर्गात दाखवला, तर एका मुलीने विचारलं, “बाई, हा कुठला फिल्टर?” मोबाइलवर म्हणे तसा डाग मुद्दाम घालता येतो. मी हसले, दुसरं काय करणार?

अण्णांनी डिजिटल कॅमेरा घेतला २००७ साली. यात फिल्मच्या जागी सेन्सर. उजेड पडला की त्याच्यावरच्या लाखो बारीक घरांत विजेचा भार साठतो आणि त्याचे आकडे होतात. असा पहिला कॅमेरा अमेरिकेत कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५ साली बनवला. वजन साडेतीन किलोंहून जास्त. चित्रात ठिपके अवघे १०,०००, आणि एक चित्र कॅसेटवर साठवायला २३ सेकंद! आज साध्या मोबाइलच्या फोटोतही १ कोटी २० लाख ठिपके असतात.

डिजिटल आल्यावर अण्णांची वही बंद पडली. छिद्र, वेळ, तारीख सगळं कॅमेराच फोटोबरोबर नोंदवून ठेवतो, मग लिहायचं कशाला? चार वर्षांत हजारो फोटो जमले, सगळे एकाच हार्ड डिस्कवर. २०११ साली ती डिस्क बिघडली. माझ्या धाकट्या भावाचं लग्न, कासच्या पठारावरची फुलं, सगळं गेलं. दुसरी प्रत कुठेच ठेवलेली नव्हती. माळ्यावरच्या निगेटिव्ह मात्र जशाच्या तशा.

अण्णा फिल्मकडे परत गेले नाहीत. “डिजिटलसारखी चैन नाही,” असंच ते म्हणतात आणि मलाही ते पटतं. शिकणाऱ्याला शंभर चुका फुकट करता येतात, यासारखं सुख नाही. पण आता ते फोटोंची प्रत दोन ठिकाणी ठेवतात. दर दिवाळीला त्या वर्षातले १२ फोटो निवडून कागदावर छापून आणतात. पहिल्या कॅमेऱ्यात १२ मावायचे, म्हणून १२! मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहितात. बॉलपेनने लिहू नका हं, त्याचा वळ पुढे उमटतो आणि शाईही पसरते. शिवाय वहीसुद्धा पुन्हा सुरू झाली आहे. आता तिच्यात आकडे नसतात, फक्त माणसं असतात.

या सुट्टीत तुमच्या घरचा जुना अल्बम काढा. आजी-आजोबांना शेजारी बसवा आणि एकेका फोटोतली नावं विचारून मागे लिहा. माहेरच्या, गावच्या फोटोंपासून सुरुवात करा, कारण ती नावं बहुधा त्यांनाच ठाऊक असतात. आम्ही मागच्या महिन्यात अण्णांचा सगळा डबा असाच लावला. एका फोटोत कृष्णेच्या घाटावर पतंग घेऊन उभा असलेला, पुढचा एक दात पडलेला मुलगा आहे. कोण ते कोणालाच ओळखेना. मी वही काढली. रोल ९, फोटो १४. आकड्यांपुढे अण्णांनी लिहिलं होतं, ‘नाव विचारायचं राहिलं.’